समुद्रातली वेस

महाराष्ट्र झाला तेव्हा मी देऊळगाव राजाला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. त्याआधी आम्ही मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात आलो, आणि एवढ्या उलाढालीत आमच्या घरातली चूलसुद्धा जागची हलली नाही. पण एक झालं. जुन्या मध्य प्रदेशाला समुद्र नव्हता, नव्या राज्याला होता. नवी पुस्तकं आली, त्यात कोकणचा किनारा आला, आणि तो शिकवायचं काम माझ्या बोकांडी बसलं.

आता मी कुठे पाहिलेला समुद्र? माहेर डोणगावचं, सासर इथलं. आयुष्यात पाहिलेलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे आमच्या नदीचा पूर. पण वर्गात उभं राहिलं की माझ्या आवाजाला धार यायची. सातवीला एक धडा होता, लाटा खडक कशा झिजवतात त्याचा. लाटा आपटून आपटून आधी कड्यात गुहा होते. गुहा आरपार गेली की कमान होते. पुढे कमानीचं छत कोसळतं आणि समुद्रात एकटा सुळका उभा राहतो. पुस्तकात अंगठ्याएवढं चित्र होतं. ते मी फळ्यावर हातभर मोठं काढायची, आणि कमान काढायची हुबेहूब आमच्या गावच्या वेशीसारखी. दोन बाजूंना दोन सरळसोट जाड खांब, वर गोलाई. नगारखानाच तेवढा काढायचा राहायचा.

त्या वर्षी सातवीत एक मुलगी होती, जवळच्या खेड्यातल्या मोठ्या शेतकऱ्याची. गावात मावशीकडे राहून शिकायची. बारकी, काळीसावळी, आणि प्रश्न विचारायला एक नंबर. मी फळ्यावर कमान काढून हात झटकले तर हिचा हात वर.

"बाई, तुमी पाह्यली काय हे कमान?"

साधा प्रश्न. 'नाही गं बाई, पुस्तकात आहे' असं म्हणायला काय जीव जात होता माझा? पण मी मुळातली ताठ. आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकीण बाईंनी मला हजेरीपटावरून चारचौघींत बोल लावले होते, त्याचा राग नाकाच्या शेंड्यावर होता. मी म्हटलं, "पाहिली तर! उगीच शिकवते काय?"

झालं. सगळा वर्ग पुढे सरकला. पाणी कसं लागते? कमानीखालून जाता येते काय? मी आपली सांगत सुटले. येतं की, वेशीतून गेल्यासारखं जाता येतं. खाली पाणी? असतं, पण संथ, घोट्याएवढं. बारा महिने तेवढंच. मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं, इतकं बेमालूम.

आठ दिवसांत ते गावभर झालं. भाजी घ्यायला गेले की बाया कुजबुजायच्या, "ह्याच त्या समुद्रवाल्या बाई." शेजारणीच्या नातवाचा कान वाहत होता, ती समुद्रफेस मागायला आली. म्हणाली, "एवढ्या दूर गेल्या होत्या, एक तुकडा तरी आणला असन." मी म्हटलं, संपला. अगं बाई गं, काय काय बोलले मी त्या दिवसांत!

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग एका बाजाराच्या दिवशी त्या मुलीचे वडील शाळेत आले. उंच माणूस, पांढरा पटका, हातात काठी. दारातच जोडे काढले आणि उभेच राहिले. मी खुर्ची दिली तर बसेनात.

"बाई, आमच्यात सातवी झाली का पोरीची सोयरीक पाह्यतात," ते म्हणाले. "औंदा हिचीबी पाहाव म्हनलं. तं हे आयकूनच नाही राह्यली. म्हन्ते, आमच्या बाई शिकल्या म्हनून समुद्र पाहून आल्या, मलेबी शिकू द्या. म्या म्हनलं, बापा, आपन चाळीस कोसाच्या पलीकडं गेलो नाही, अन् एक बाई मानूस समुद्र पाहून आली? खरं हाये काय हे?"

दाराआड ती उभी होती. परकराचा काठ दिसत होता.

तिथे तरी खरं बोलायचं की नाही? नाही बोलले. म्हटलं, "खरं आहे."

"मंग इचार करतो," ते म्हणाले. "तुमच्या शब्दावर थांबतो. जूनमंदी येऊन सांगतो, ठेवायची का न्यायची." आणि जोडे घालून निघून गेले.

त्या दिवसापासून माझं जेवणावरचं मन उडालं. आधीचं खोटं माझ्या मिजाशीपुरतं होतं. आता त्याच्यावर एका पोरीची शाळा टेकली होती. कुणी एकानं जरी ओळखलं, की ही बाई थापा मारते, तर पहिली कुऱ्हाड त्या पोरीवर पडणार. बाप म्हणणार, शिकून खोटंच बोलायचं तर घरी काय वाईट?

आणि ओळखणारा माणूस येऊन ठेपलाच. आमचे हे तहसील कचेरीत कारकून. त्यांच्या कचेरीत कोकणातले एक गृहस्थ बदलून आले होते. एका रविवारी ह्यांनी त्यांना चहाला आणलं. बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही समुद्र पाहिलात म्हणे. कुठला?"

मी म्हटलं, "तो... मोठा."

भला माणूस. मान खाली घालून चहा प्यायला, पुढे एक अक्षर विचारलं नाही. ते गेले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडायला बसले. ह्यांना सगळं सांगितलं, अगदी समुद्रफेसासकट. मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. आमच्या ह्यांचा स्वभाव मोठा सबुरीचा. घर पेटलं तरी आधी धोतराचा सोगा नीट करतील. म्हणाले, "मंग पाहून येऊ. समुद्र काय पळून चालला?"

"अहो, पण बोलले ते खोटंच ना?"

"ते खोटंच. पन जूनच्या आधी पाहून तं येऊ. मंग काय सांगायचं ते तू ठरव."

कोकणातल्या त्या गृहस्थांनीच सोय केली. त्यांचं गाव दापोलीच्या खाली, ऐन समुद्रकाठी, घरी त्यांची आई असायची. आणि गावाच्या टोकाला कातळाची कमान होती! पोरं तिला 'भोक' म्हणतात म्हणाले. मी अकरा वर्षं, म्हणजे आधी जुन्या पुस्तकांतून आणि मग ह्या नव्या पुस्तकांतून, जगातले सगळे खडक शिकवत आलेली, आणि पोरं त्याला भोक म्हणतात.

मे महिन्यात निघालो. बरोबर धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची फिरकी, म्हणजे आट्याच्या झाकणाचा तांब्या. एसटीनं जालना, तिथून औरंगाबाद, मग पुणं, मग घाट. घाटात माझी जी दशा झाली ती सांगण्यासारखी नाही. ह्यांनी सगळी वाट एका हातानं माझं डोकं धरलं आणि दुसऱ्या हातानं माझी वही. कमान बघून चित्र काढायचं म्हणून मी कोरी वही घेतली होती.

पोचलो ते चौथ्या प्रहराला. पिशव्या ओटीवर टाकल्या आणि तशीच धावले. माडांमधून बाहेर आले आणि समोर तो. काय सांगू? मला रडूच आलं. इतकी वर्षं फळ्यावर निळ्या खडूच्या तीन नागमोडी रेघा काढून 'हा समुद्र' म्हणत होते, त्याची लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. ह्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "लयच हाये वं."

डाव्या हाताला कडा पाण्यात गेला होता आणि त्याच्या टोकाशी कमान. खालून लाटा घुसत होत्या, आत आपटत होत्या, पलीकडून पांढऱ्या होऊन बाहेर पडत होत्या. जवळ जायची सोयच नव्हती. कुठलं संथ, कुठलं घोट्याएवढं!

"पूर हाये आज," हे म्हणाले. "उद्या ओसरन."

मी मान डोलावली. लक्षात घ्या, मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी नाश्ता करून दहाच्या सुमाराला निघालो. म्हातारी अंगणात आमसुलं वाळत घालत होती. म्हणाली, "पाणी बघून जा हो." आम्ही जाऊन पाणी बघितलं. पाणी नव्हतंच! कड्याच्या पायथ्यापर्यंत सगळा काळा खडक उघडा पडला होता, मध्ये मध्ये डबकी. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हनलं नव्हतं? ओसरला." आमच्या नदीचा पूर एकदा ओसरला की पुढचा मोठा पाऊस होईपर्यंत निश्चिंती. माणसं पात्रात कपडे धुतात, वाळत टाकतात. आम्हीही चपला एका दगडावर नीट जोडीनं काढून ठेवल्या, शेजारी पिशवी ठेवली, फक्त वही, धपाटे आणि फिरकी घेतली आणि चालत कमानीखाली जाऊन बसलो. वाटेत दोन-तीन बाया खडकावरून काहीतरी खरवडून टोपलीत टाकत होत्या. कालवं काढतात ती, शिंपल्यातली. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आम्ही त्यांना नमस्कार केला.

मी हात लावून बघितला तर दगड आमचाच! घरच्या विहिरीत लागतो तोच काळा, घट्ट दगड. एवढ्या दूर येऊन माहेरचं माणूस भेटावं तसं झालं मला. पण त्याचं काय करून ठेवलं होतं त्या पाण्यानं! खांब मी काढायची तसे सरळ मुळीच नव्हते. वर रुंद, आणि पायाशी खाल्लेले, आत गेलेले. अंगभर भोकं भोकं. हे बराच वेळ निरखत होते. म्हणाले, "लोणा लागला वं ह्याले."

आणि खरंच की! आमच्याकडे मातीच्या भिंतीला लोणा लागतो, खार चढतो, तेव्हा भिंत अशीच पायाकडून भुसभुशीत होत जाते, भोकं पडतात, वरचा भाग आपला धडधाकट दिसतो आणि एक दिवस सगळंच खाली येतं. हे पुस्तकात कुठे नव्हतं. ते आमच्या परसातल्या भिंतीवर होतं आणि मी वर्षानुवर्षं त्याच्यावर शेण लिंपत होते. पलीकडे पाण्यात एक सुळका उभा होता, एकटाच. तोही कधीतरी कमानीचा खांब असणार. मी पहिल्यांदा मन लावून चित्र काढलं. पायाशी बारीक, वर जड. मग धपाटे खाल्ले. कमानीतून गार वारा येत होता, ह्यांना बसल्या बसल्या डुलकी लागली. इतक्या सुखात मी लग्नानंतर क्वचितच बसले असेन.

पाय ओले झाले तेव्हा मला वाटलं फिरकी कलंडली. बघते तर डबकी एकमेकांना मिळालेली, आणि ज्या खडकावरून चालत आलो तो खडकच नाही. ह्यांना हलवलं. त्यांनी डोळे चोळले, पाण्याकडे बघितलं, मग वर आभाळाकडे बघितलं. कडक ऊन.

"वरतं कुठं पाऊस झाला असन," ते म्हणाले.

मीही वर बघितलं! अहो, मीही बघितलं, ढग कुठे आहेत म्हणून!

एवढ्यात काठावरून त्या कालवं काढणाऱ्यांपैकी एकीनं हाळी दिली. "अगो बाये, मागारी फिरा! भरती लागलीय, भरती!"

भरती. चंद्राच्या आकर्षणानं समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. आठवीचा धडा. दरवर्षी मी तो फळ्यावर लिहून देत होते, पाठ नाही झाला तर पट्टी मारत होते. आणि तीच भरती माझ्या पोटरीला लागली तर मी आभाळात ढग शोधत होते.

मग जी धावाधाव झाली! धावता तरी कुठे येतं? खडकाला चिकटलेले शिंपले तळव्यांना कापत होते. लाट आली की नऊवारी अंगाला गुंडाळायची, लाट परतली की वाळू पायाखालून ओढून न्यायची. पाणी कमरेला आलं तेव्हा मी ह्यांचा हात घट्ट धरला आणि देवाचं नाव घ्यायचं सोडून 'ती पोरगी, ती पोरगी' एवढंच मनात येत होतं. मी इथे बुडाले तर जूनमध्ये तिच्या बापाला कोण काय सांगणार? ह्यांचा दुसरा हात वर होता, डोक्यावर, आणि त्यात वही. ती कालववाली कमरेला पदर खोचून सरळ पाण्यात शिरली, माझं मनगट धरलं आणि कड्याला लागून एका उंच वाटेनं आम्हाला ओढत काठावर आणलं. वाट तिला पायांनी ठाऊक होती. चपला, पिशवी, फिरकी, सगळं गेलं ते गेलंच.

काठावर तिनं आम्हाला यथेच्छ झापलं. कुठून आलात, समुद्र म्हणजे काय खेळ वाटला? म्हटलं, आम्ही बुलढाण्याकडले. तिला ते कुठे आहे ठाऊक नव्हतं. मग म्हणाली, "करतेस काय तू तिकडं?"

"शाळेत शिकवते."

"काय शिकवतेस?"

भूगोल म्हणायची माझी जीभच वळेना. म्हटलं, "मराठी."

ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी ओलीचिंब, पायांतून रक्त येतंय, जिनं जीव वाचवला ती समोर उभी, आणि मी तिच्याशीही खोटं बोलले. मला माझीच किळस आली. वर्गात बोलले ते रागाच्या भरात, बापाशी बोलले ते भीतीनं. आणि हे? हे काहीच कारण नसताना, सवयीनं. तिथेच ठरलं, जूनमध्ये काय सांगायचं ते. परतीच्या सगळ्या वाटेत मी अनवाणी होते, पण मन हलकं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी बाप-लेक दोघंही दारात. मी त्यांना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. वही उघडून चित्र दाखवलं. ती लगेच वाकून बघायला लागली. म्हणाली, "बाई, मागच्या साली तं तुमी खांब सरळ काढले होते."

"तेव्हा मी समुद्र पाहिलाच नव्हता," मी म्हटलं. "तुझ्याशी खोटं बोलले. तुमच्याशीही. आता पाहून आलेय, मे महिन्यात. हिनं विचारलं म्हणून जावं लागलं, नाहीतर ह्या जन्मी मी गेले नसते. चूक माझी आहे, तिची नाही. तिला शाळेतून काढू नका."

वडील काठीच्या मुठीवर हात ठेवून बसले होते. पोरगी जमिनीकडे बघत होती.

"म्हंजे," ते म्हणाले, "हिनं इचारलं, म्हनून तुमी एवढ्या लांब गेल्या?"

"हो."

"घरीबी असंच इचारते. जेवू देत नाही." ते उठले, जोड्यांत पाय घातले. "राहू द्या इथंच. आमाले झेपत नाही ते."

मी सुटले, असं मला वाटलं. पण त्या दिवसापासून त्या पोरीनं हात वर करायचं बंद केलं. आठवीच्या वर्गात यायची, लिहून घ्यायची, विचारलं तर उत्तर द्यायची. स्वतःहून एक प्रश्न नाही. जून गेला, जुलै गेला. तिच्या बापाला मी तिला शाळेत ठेवायला लावलं, पण ज्या कारणासाठी ठेवायचं तेच मी माझ्या हातानं बंद करून बसले होते. फार लागायचं मनाला. रागावणार तरी कुणावर? शिकवताना माझी नजर सारखी तिच्या बाकाकडे जायची आणि रिकामी परत यायची.

पोळ्याची सुट्टी झाली आणि आठवीचा तो धडा आला. मी फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली, भरती-ओहोटीची व्याख्या लिहिली. खडू खाली ठेवून वळले. तिसऱ्या बाकावर हात वर होता.

"बाई," ती म्हणाली. "भरती... तुमी पाह्यली काय?"

"पाहिली," मी म्हटलं. "कमरेपर्यंत."

आणि मग धडा बाजूला ठेवून सगळं सांगितलं, चपलांपासून ते मराठी शिकवते म्हणाले तिथपर्यंत. वर्ग खदखदून हसत होता. तिचा हात मात्र अजून खाली आला नव्हता, तिला पुढचं विचारायचं होतं.